'दत्तक' हा शब्द एकाच कागदावर

मूल दत्तक घेतलं की नातेवाईक बारशाचं विचारतात, नाव काय ठेवलं ते विचारतात, कुणासारखं दिसतं हेही (विचारू नये, तरी) विचारतात. कागद पुरे झाले का, हे मात्र कुणी विचारत नाही. आज त्या न विचारलेल्या प्रश्नावर लिहायचं आहे. विषय रुक्ष आहे. आयकर, पॅन, जन्मदाखला, वारसनोंद असलं सगळं त्यात येणार. पण मंडळी, लगेच उठून जाऊ नका. ह्या रुक्ष कागदांमागे एक पोर उभं असतं आणि मोठ्यांनी केलेल्या आळसाचे पैसे पुढे त्यालाच भरावे लागतात.

माझं म्हणणं आधी सांगून टाकते, मग पाल्हाळ लावते (मास्तरणीची सवय, दुसरं काय!). 'दत्तक' हा शब्द घरातल्या एकाच कागदावर असावा. तो कागद वेळेवर केलेला, पक्का आणि जपून ठेवलेला असावा. बाकीच्या सगळ्या कागदांवर, रेशनकार्डापासून आयकराच्या विवरणपत्रापर्यंत, नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी'. कायद्याचंही हेच म्हणणं आहे. अडतो तो आपण.

हे सुचायचं कारण घरातलंच. माझी भाची आणि जावई बारामतीला असतात, दोघंही नोकरदार. २०२३ साली त्यांच्या घरी अडीच वर्षांची लेक आली. दोघांनी कारामार्फत, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणामार्फत, रीतसर नाव नोंदवलं, घरी येऊन अहवाल करून गेले, मग थांबणं, मग आणखी थांबणं, आणि एक दिवस पोर कडेवर! त्यानंतरच्या पहिल्या जूनमध्ये भाची फाईल घेऊन काटेवाडीला आली. "मावशी, विवरणपत्र भरायचंय. हिचं नाव कुठं कुठं लिहायचं आणि दत्तक असं कुठं कुठं लिहायचं?" मी मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई, आकडेमोडीतली नव्हे. पण शाळेत वर्षानुवर्षं जनरल रजिस्टर सांभाळलं, त्यामुळे कागद म्हटला की घरातली माणसं माझ्याकडे बघतात. मग वाचलं, विचारलं, दोन जाणत्यांशी बोलले. जे हाती आलं ते सगळ्यांच्या उपयोगाचं वाटलं म्हणून लिहिते.

मांडीवर घेतलं, पण कागदावर नाही

आपल्या बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात दत्तक ही काही नवी गोष्ट नाही. मूल नसलेल्या चुलत्याने पुतण्याला मांडीवर घ्यायचं, बहिणीने धाकट्या बहिणीची पोर ओटीत घ्यायची, हे पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं आहे. चार भावकीतली माणसं जमायची, गूळ-खोबरं वाटायचं, जेवण व्हायचं, झालं दत्तक! कागद? "आपल्याच घरातलं पोर, कागद कशाला?" हे उत्तर ठरलेलं. फार तर स्टॅम्पपेपरवर चार ओळी लिहून नोटरी करायची आणि तो कागद ट्रंकेत टाकायचा.

शाळेत असताना असा एक विद्यार्थी माझ्या वर्गात होता. मुलगा हुशार, अक्षर मोत्यासारखं. लहानपणीच चुलत्याने मांडीवर घेतलेला. रेशनकार्डावर बापाच्या जागी चुलता, शाळेच्या रजिस्टरला जन्मदाता बाप. शिष्यवृत्तीच्या वेळी उत्पन्नाचा दाखला एकाचा आणि शाळेतलं नाव दुसऱ्याचं, म्हणून अर्ज परत आला. रजिस्टरमधलं नाव मुख्याध्यापकांच्या मनावर बदलत नाही, त्याला पुरावा लागतो आणि वरची मंजुरी लागते. पुरावा म्हणून देण्यासारखा कागदच नव्हता. पुढे चुलता वारला, तेव्हा बागायती तुकड्यावर इतर पुतण्यांनीही हक्क सांगितला. पंगतीला जेवलेली माणसं साक्षीला बोलवायची वेळ आली तेव्हा निम्मी देवाघरी गेली होती. तो मुलगा मला एकदा एस.टी. स्टँडवर भेटला तेव्हा म्हणाला, "बाई, मला बाप दोन होते, पण दाखवायला एकही नाही." ते वाक्य मी विसरले नाही.

म्हणून "आमच्यात विश्वास आहे" हे जे म्हणतात ना, त्यांना माझं एकच सांगणं. विश्वास जिवंत माणसांमध्ये असतो. कागद लागतो तो आपण गेल्यानंतर.

तो एक कागद

आता तो एक कागद कोणता? आपल्याकडे रस्ते मुख्यतः दोन.

पहिला रस्ता घराण्यातल्या दत्तकाचा, म्हणजे १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याचा. हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही तो लागू आहे. त्यात मूल देणं आणि घेणं प्रत्यक्ष व्हावं लागतं. होमहवन केलंच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. मूल साधारणपणे पंधरा वर्षांच्या आतलं आणि अविवाहित असावं, रूढी वेगळी असेल तर गोष्ट निराळी. मुलगा घ्यायचा तर घरात आधी मुलगा किंवा नातू नसावा, मुलगी घ्यायची तर आधी मुलगी किंवा नात नसावी, अशाही अटी आहेत. नवऱ्याने एकट्याने ठरवून चालत नाही, बायकोची संमती लागते. बायको घेत असेल तर नवऱ्याची. आणि मोठी गोष्ट म्हणजे ह्या कायद्याने मुलगीही दत्तक घेता येऊ लागली. त्याआधी दत्तक म्हणजे मुलगाच, पिंडदानाला आणि वतनाला!

दत्तकपत्राची नोंदणी सक्तीची नाही, हे खरं. पण त्याच कायद्याचं सोळावं कलम सांगतं की देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने दोघांनी सही केलेलं नोंदणीकृत दत्तकपत्र समोर आलं, तर दत्तक कायद्याप्रमाणेच झालं असं न्यायालय धरून चालतं. ते खोटं ठरवायचं ओझं मग पलीकडच्यावर पडतं. नुसत्या नोटरीच्या कागदाला हे बळ नाही. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अर्धा दिवस मोडतो, खर्च जेवणावळीपेक्षा कमी येतो. जेवणावळ घालतो आणि नोंदणी टाळतो, ह्याला काय म्हणायचं?

दुसरा रस्ता संस्थेतून मूल घेण्याचा, बाल न्याय कायद्याचा. २०१५ चा हा कायदा सर्व धर्मांच्या लोकांना खुला आहे. पूर्वी त्यात कोर्टाचा आदेश होई. २०२१ साली दुरुस्ती झाली आणि १ सप्टेंबर २०२२ पासून हा आदेश जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे आपले कलेक्टर, देतात. मूल घरी येतं ते आधी सांभाळायला म्हणून येतं. आदेश निघाला की त्या दिवसापासून ते कायद्याने आपलं. भाचीच्या फाईलमध्ये हा आदेश सगळ्यात वर होता. मी तो काढून वेगळ्या पाकिटात घातला आणि म्हटलं, "हा मूळ कागद. ह्याच्यावरून बाकीचे कागद करायचे आणि मग ह्याला कपाटात झोपवायचं."

जोतिरावांनी काय केलं

दत्तक आणि कागद म्हटलं की मला महात्मा फुले आठवतात. पुण्यात त्यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे आसऱ्याला आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८७४ मध्ये दत्तक घेतला, तोच यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला. ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेली, मी तर शिकवलेली. पण पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. जोतिरावांनी १८८७ साली मृत्युपत्र केलं, ते रीतसर नोंदवलं आणि यशवंतला आपला वारस म्हणून लिहून ठेवलं. ज्या माणसाने आयुष्यभर रूढी मोडल्या, त्याला भावकीचा स्वभाव पक्का ठाऊक होता. १८९० साली जोतिराव गेले तेव्हा टिटवं कुणी धरायचं ह्यावरून भाऊबंदांनी यशवंतच्या हक्काला हरकत घेतली आणि शेवटी सावित्रीबाई स्वतः टिटवं धरून पुढे झाल्या, असं सांगतात. स्मशानातला वाद सावित्रीबाईंनी धैर्याने मिटवला. घरादाराचा वाद मात्र तीन वर्षं आधीच जोतिरावांच्या सहीने मिटवून ठेवला होता. प्रेम होतं म्हणूनच कागद केला. प्रेम आहे म्हणून कागद नको, असं त्यांना वाटलं नाही.

कागदांची उतरंड

मूळ कागद झाला की पुढचे कागद उतरंडीसारखे एकावर एक येतात. खालचं मडकं नीट बसलं नाही तर वरचं डगमगतं.

आधी जन्मदाखला. संस्थेतून घेतलेल्या मुलाच्या दाखल्यावर दत्तक आईबाप हेच आईबाप म्हणून लागतात. ह्या दाखल्याचं महत्त्व आता वाढलंय. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात दुरुस्ती झाल्यामुळे १ ऑक्टोबर २०२३ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, आधार वगैरेसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला चालतो. मग आधार. पाच वर्षांच्या आतल्या मुलाचं आधार बोटांच्या ठशांशिवाय निघतं आणि ते पाचव्या आणि पंधराव्या वर्षी अद्ययावत करावं लागतं. मग रेशनकार्ड, मग बँकेतलं खातं, आणि गरज असेल तर पॅन. लहान मुलाच्या पॅनचा अर्ज पालक सही करून देतात. मूल अठराचं झालं की फोटो-सहीसकट तो नवा करून घ्यायचा.

आणि सगळ्यात विसरला जाणारा भाग म्हणजे नामनिर्देशन. भविष्यनिर्वाह निधी, विमा, बँक, पोस्ट, सोसायटीचा आणि कारखान्याचा शेअर. ह्या सगळ्यांत लग्नाच्या वेळी लिहिलेलं नाव तसंच पडून असतं. पोर घरात आली, तिच्या वाढदिवसाला फुगे लागले, आणि निधीच्या कागदावर अजून दीराचं नाव! भाचीला मी एका रविवारी बसवून हे सगळे बदलाचे अर्ज लिहून घेतले.

वेळेचं महत्त्व कुठे कळतं? सुकन्या समृद्धी खात्याचंच बघा. ही योजना जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली. खातं मुलगी दहा वर्षांची होण्याआधी काढावं लागतं. योजनेच्या नियमांतच कुटुंबाच्या व्याख्येत 'मुलं, दत्तक असोत वा नसोत' असा अर्थ स्पष्ट आहे, म्हणजे दत्तक लेकीला कुणी नाही म्हणू शकत नाही. पण आठ-नऊ वर्षांची मुलगी घरी आणली आणि जन्मदाखल्यात वर्ष घालवलं, तर तिची दहा वर्षं उलटून जातात. अडवणार कायदा नाही, आपली चालढकल.

आयकरवाला काय विचारतो

आता मुख्य विषयाकडे येते. आयकर खातं दत्तक मुलाकडे कसं बघतं? उत्तर इतकं सरळ आहे की मला वाचून बरं वाटलं. १९६१ च्या आयकर कायद्याच्या व्याख्यांतच लिहिलं होतं की 'मूल' ह्या शब्दात सावत्र मूल आणि दत्तक मूल येतं. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणारा म्हणून जो २०२५ चा नवा कायदा झाला, त्यानेही ही व्याख्या ठेवली आहे. एकदा व्याख्येत सांगून टाकलं की पुढे पानोपानी नुसतं 'मूल'. मला हा कायदा लिहिणाऱ्याचं कौतुक वाटलं. जे शहाणपण आपल्या मामा-मावश्यांना येत नाही, ते कलमात आहे!

ह्याचा अर्थ सवलतही तीच आणि जबाबदारीही तीच. आधी जबाबदारी सांगते, कारण तिथेच लोक घसरतात.

पोर घरी आली की आजी-आजोबा कौतुकाने तिच्या नावावर ठेव ठेवतात. त्यात वाईट काही नाही. पण "तिच्या नावावर ठेवली म्हणजे कर लागत नाही" हा समज चुकीचा आहे. अल्पवयीन मुलाचं उत्पन्न आई किंवा बाप, ज्याचं उत्पन्न जास्त असेल त्याच्या उत्पन्नात मिळवलं जातं. हा नियम १९९२ च्या अर्थसंकल्पाने आणला आणि तो पोटच्या आणि दत्तक मुलाला सारखाच आहे. उदाहरण घ्या. आजोबांनी दोन लाख रुपये सात टक्क्यांनी ठेवले, वर्षाचं व्याज चौदा हजार. भाचीचा पगार जावयापेक्षा जास्त आहे, तर हे चौदा हजार भाचीच्या विवरणपत्रात जाणार. जुनी करपद्धत घेतली असेल तर दर मुलामागे दीड हजाराची सूट, म्हणजे साडेबारा हजार मिळवायचे. नवी पद्धत घेतली असेल तर ती सूट नाही, पुरते चौदा हजार. मुलाने स्वतःच्या कष्टाने किंवा कलेने कमावलं, समजा पोरगी गाण्यात किंवा कुस्तीत बक्षीस मिळवू लागली, तर ते मात्र तिचं स्वतःचं उत्पन्न. कायद्यात सांगितलेलं अपंगत्व असलेल्या मुलालाही हा मिळवण्याचा नियम लागत नाही.

इथे तारीख महत्त्वाची. मूल कायद्याने आपलं झालं ती तारीख, म्हणजे आदेशाची किंवा दत्तकविधीची. त्या दिवसापासून ते आपलं मूल, म्हणून त्या दिवसापासून त्याचं उत्पन्न आपल्या हिशोबात. म्हणून मी म्हणते, ती तारीख पाठ असावी, वाढदिवसासारखी!

बँकेत खातं काढताना कुणाचा पॅन दिलाय तेही बघावं. व्याजावर कापलेला कर एकाच्या पॅनवर जमा आणि उत्पन्न दुसऱ्याच्या विवरणपत्रात, असं झालं की ताळमेळ बसत नाही आणि नोटीस येते. नोटीस म्हणजे काही वॉरंट नव्हे, पण आपल्याकडे खाकी पाकीट बघूनच छातीत धडधडतं.

आता सवलत. जुन्या पद्धतीत दोन मुलांपर्यंतच्या शिकवणी फीची वजावट दीड लाखाच्या एकत्र मर्यादेत मिळते. इथे शिकवणी फी म्हणजे शाळा-कॉलेजची, क्लासची नव्हे. देणगी आणि विकासनिधीही त्यात धरत नाहीत. आरोग्यविम्याच्या हप्त्यात मूल धरता येतं. पुढे शिक्षणकर्ज घेतलं तर व्याजाची वजावट आहे. हे सगळं दत्तक मुलालाही आहे. नव्या पद्धतीत ह्या वजावटी नाहीत, त्या कुणालाच नाहीत. म्हणजे अन्याय झालाच तर सगळ्यांवर सारखा!

दोन घरांचा प्रश्न

घराण्यातल्या दत्तकात मात्र एक नाजूक गाठ असते. मूल दिलं धाकट्या भावाने, घेतलं थोरल्याने. घरं शेजारी शेजारी. शाळेची फी कधी हा भरतो, कधी तो. पावती जन्मदात्याच्या नावावर, वजावटही तोच घेतो, आणि थोरलाही घेतो! विम्यात पोर दोन्हीकडे. विचारलं तर म्हणतात, "दोन्ही घरं आमचीच की."

घरं तुमची असतील, पण कागदावर मूल एका वेळी एकाच घरचं. १९५६ च्या कायद्याचं बारावं कलम स्पष्ट आहे: दत्तकाच्या दिवसापासून मूल सर्व बाबतींत घेणाऱ्याचं आणि जन्माच्या घराशी असलेले त्याचे नातेसंबंध तुटले असं धरायचं. लग्न कुणाशी होऊ शकत नाही, एवढ्यापुरता जुना संबंध उरतो, आणि आधीच त्याच्या मालकीची झालेली मिळकत त्याचीच राहते. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात तर हे फार नेमकं लिहिलं होतं: कामगाराने कायदेशीर दत्तक घेतलेलं मूल त्याच्या कुटुंबात धरायचं, आणि त्याचं मूल दुसऱ्याने दत्तक घेतलं असेल तर ते त्याच्या कुटुंबातून वगळायचं. घेणं आणि देणं, दोन्ही बाजू एकाच वाक्यात.

हे वाचायला कठोर वाटतं. जन्म दिलेल्या आईच्या काळजाला ते वाचताना काय होत असेल ते मी समजू शकते. पण देणाऱ्याने कागदावरून हात सोडला नाही तर मूल लोंबकळत राहतं. माया करायला कुणी अडवलेलं नाही. सणाला कपडे घ्या, आंबे पाठवा, परीक्षेच्या वेळी फोन करा. फक्त पावती, विमा, शाळेचं नाव आणि वारसनोंद ह्यांच्यापासून लांब राहा.

तीच गोष्ट जमिनीची. ऊसवाल्या घरात "शेतीला कुठं आयकर असतो" म्हणून कागदाकडे काणाडोळा होतो. शेतीच्या उत्पन्नाला कर नाही, पण शेतीला वारस आहेच. एकत्र कुटुंबात दत्तक मूल दत्तकाच्या दिवसापासून सदस्य होतं. मुलींना महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क मिळाला, तेव्हा दत्तक लेक म्हणजे "शेवटी परक्याची" हे म्हणणं दोन्ही अर्थांनी कालबाह्य झालं. दत्तकाआधी ज्याच्या हातात जी मिळकत आली ती दत्तकामुळे काढून घेतली जात नाही, हेही त्याच बाराव्या कलमात आहे. भावकीने उगाच घाबरू नये.

आणि दुसरं टोकही सांगते. जमीन वाचवायला, कसली तरी सवलत मिळवायला किंवा हिशोबात एक माणूस वाढवायला केलेलं दत्तकपत्र. पोर राहतं त्याच आईजवळ, बदलतो फक्त कागद. हा मुलाचा वापर झाला. ज्याला मांडीवर घ्यायचं नाही, त्याला कागदावर घेऊ नये.

परदेशातलं थोडं

अमेरिकेतल्या नातलगांशी बोलताना कळलं की तिकडे दत्तकासाठी झालेल्या खर्चावर करात थेट सूट मिळते, १९९७ पासून. २०२५ सालासाठी ही सूट एका मुलामागे कमाल १७,२८० डॉलर होती आणि त्यातले पाच हजारांपर्यंत, कर तेवढा नसला तरी, हातात परत मिळू शकतात अशी तरतूद त्याच वर्षापासून झाली. दत्तक पुरं व्हायच्या आधी मुलाला कायमचा नंबर मिळत नसेल, तर विवरणपत्रापुरता तात्पुरता नंबरही देतात. आपल्याकडे दत्तकाच्या खर्चाला वेगळी वजावट नाही.

असावी का? माझ्या मते असावी. जाण्यायेण्याचा, कागदांचा, बिनपगारी रजेचा खर्च मध्यम घराला जाणवतो. आजवर दत्तकाला धजावले नाहीत अशा काही जोडप्यांना तेवढाही आधार पुरेल. पण खरं सांगू? भाचीला पैशाची अडचण नव्हती. तिला टोचलं ते वेगळंच.

झेरॉक्स कशाला?

तिला एका ठिकाणी साधं बचतखातं काढायचं होतं. जन्मदाखला होता, आधार होतं, दोन्हींवर आईबाप म्हणून हीच दोघं. तरी बोलता बोलता दत्तक असल्याचं कळल्यावर काउंटरवरच्या माणसाने आदेशाची झेरॉक्स मागितली. मागच्या रांगेतली चार माणसं मान वर करून बघायला लागली. पोर कडेवर होती. मी बरोबर होते, म्हणून विचारलं, "दादा, पोटच्या मुलीचं खातं काढायला काय लागतं?" तो म्हणाला, "जन्मदाखला, आधार." "मग तेच समोर आहे." थोडा वेळ शांतता, मग शिक्का बसला.

त्याचा काही दुष्ट हेतू नव्हता. पण अशी एक झेरॉक्स इथे, एक शाळेत, एक दवाखान्यात, एक कर भरणाऱ्याकडे, असं करत मुलीची जन्मकथा साऱ्या तालुक्याच्या कपाटांत जाऊन बसते. ती कथा तिची आहे. तिला ती आईबापांनी लहानपणापासून, तिला कळेल अशा शब्दांत सांगावी. लपवाछपवीच्या मी सक्त विरुद्ध आहे. पण सांगणं घरातलं आणि झेरॉक्स बाजारातली, ह्यात फरक आहे. विवरणपत्रात अल्पवयीन मुलाचं उत्पन्न दाखवताना नाव, नातं आणि रक्कम लिहितात. नात्याच्या रकान्यात 'मूल' एवढंच. आयकर खात्याचं एवढ्यावर भागतं, तर बाकीच्यांचं का भागू नये?

ज्या ठिकाणी मूळ आदेश खरोखरच लागतो, जन्मदाखला करताना, वारसाचा वाद उभा राहिला तर, परदेशी जाताना, तिथे तो जरूर दाखवावा, ताठ मानेने दाखवावा. उरलेल्या ठिकाणी विनयाने विचारावं, "पोटच्या मुलाला हा कागद मागता का?" नाही म्हणाले, तर आपणही द्यायचा नाही. हे वाक्य मी भाचीला पाठ करून दिलंय.

माझ्यासारख्या निवृत्त मंडळींना एक विनंती. आपल्याला वेळ आहे, चष्मा आहे आणि कचेरीतल्या रांगांची सवय आहे. आपल्या नात्यात कुणी मूल दत्तक घेतलं असेल तर झबली-टोपडी घेऊन जाच, पण एक जाडसर फाईल आणि दोन रिकामी पाकिटंही घेऊन जा. एका पाकिटात मूळ आदेश किंवा नोंदणीकृत दत्तकपत्र, दुसऱ्यात बाकी सगळं. पहिल्यावर मुलाचं नाव आणि तारीख लिहा आणि ते कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा. दुसरं रोजच्या वापराला खाली.

घरात कुणाचं नामनिर्देशन बदलायचं राहिलंय का, तेही जाता जाता विचारा.